ताणाचा नियम आणि रॉबर्ट हूक यांचे गुपित

तारेला वजन टांगले की ती लांबते आणि वजन काढले की पूर्ववत होते. ही गोष्ट लोहारापासून घड्याळजीपर्यंत सर्वांच्या नित्य पाहण्यातली होती. मात्र किती वजनाला किती लांबी वाढते आणि त्यात काही निश्चित प्रमाण आहे का, हे मोजून नियमाच्या रूपात मांडण्याचे श्रेय सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्याकडे जाते. पुलाची तुळई असो वा मोटारीची स्प्रिंग, तिचे गणित मांडताना अभियंते आजही याच नियमापासून प्रारंभ करतात.

हूक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी आइल ऑफ वाइट या बेटावरील फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. प्रकृती नाजूक असल्याने मुलाचे बालपण घरातच खेळणी आणि यंत्रे करण्यात गेले. पितळी घड्याळ उघडलेले पाहून त्यांनी तसेच लाकडी घड्याळ बनवले आणि ते चाललेही. १६४८ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर ते लंडनला आले. वेस्टमिन्स्टर शाळेतील शिक्षणानंतर ऑक्सफर्डमध्ये त्यांना रॉबर्ट बॉइल यांचे साहाय्यक म्हणून काम मिळाले. बॉइल यांच्या हवेवरील प्रयोगांसाठी लागणारा पंप हूक यांच्याच हातून घडला.

१६६२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना प्रयोग-अधीक्षक नेमले. दर आठवड्याच्या सभेत नवे प्रयोग करून दाखवणे हे त्यांचे काम होते. १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या जगाची चित्रे असलेला त्यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ गाजला. पुढच्याच वर्षी लंडन आगीत भस्मसात झाले. जळालेल्या शहरातील जागांची मोजणी आणि पुनर्बांधणी यांत हूक यांनी वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांच्यासह मोठा वाटा उचलला. आगीच्या स्मरणार्थ उभारलेला २०२ फूट उंचीचा स्तंभ हे या दोघांचेच काम.

इतक्या कामांच्या गर्दीत हूक यांच्या अनेक कल्पना अर्धवट राहत आणि पुढे दुसऱ्या कोणाच्या नावावर जाहीर झाल्या की त्यांना ते सहन होत नसे. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी स्प्रिंगने नियंत्रित होणारे घड्याळ जाहीर केले. ही कल्पना आपल्याला अनेक वर्षांपूर्वीच सुचली होती, असा हूक यांचा दावा होता. पण त्यांनी ती प्रसिद्ध केलेली नव्हती. यानंतर १६७६ मध्ये त्यांनी ताणाचा नियम छापला, तोही कोड्याच्या रूपात. नियमाच्या लॅटिन वाक्यातील चौदा अक्षरे वर्णानुक्रमाने लावून त्यांनी ती एका पुस्तकाच्या शेवटी दिली. श्रेयावर हक्क राहील आणि नियम मात्र कोणाला कळणार नाही, अशी ही युक्ती होती.

दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, स्प्रिंगवरील पुस्तकात त्यांनी कोड्याचा उलगडा केला. वीस ते चाळीस फूट लांबीची तार खिळ्याला टांगायची, खाली पारडे बांधायचे आणि एकेक वजन चढवत लांबी मोजायची, असा प्रयोग त्यांनी सांगितला. वजन दुप्पट केले की वाढही दुप्पट, तिप्पट केले की तिप्पट. धातूच नव्हे, तर लाकूड, दगड, काच, हाड, रेशीम यांनाही हे लागू पडते, असे त्यांचे म्हणणे होते.

या नियमाला मर्यादा आहे, हे पुढील काळात स्पष्ट झाले. स्थितिस्थापकतेची सीमा ओलांडली की पदार्थ मूळ आकारात परतत नाही. त्यात कायमची विकृती राहते आणि भार वाढतच गेला तर तो तुटतो. शिवाय हूक यांचे मोजमाप त्या त्या तारेपुरते होते. जाड आणि बारीक तारेची तुलना व्हायची, तर भाराला क्षेत्रफळाने आणि वाढीला मूळ लांबीने भागावे लागते. १८०७ मध्ये थॉमस यंग यांनी पदार्थाच्या ताठरपणाचे माप मांडले आणि १८२२ मध्ये फ्रान्सच्या कोशी यांनी प्रतिबलाची संकल्पना गणितात बसवली. पोलाद आणि तांबे यांची एका मापाने तुलना करणे त्यानंतर शक्य झाले.

१६७६ च्या त्याच पुस्तकात दुसरेही एक कोडे होते. लोंबत्या साखळीचा आकार उलटा केला की भक्कम कमानीचा आकार मिळतो, हे त्याचे उत्तर. साखळीत केवळ ताण असतो, तर उलट्या कमानीत केवळ दाब आणि दगडाला दाब सोसतो. सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाची आखणी करताना ही कल्पना रेन यांच्या उपयोगी पडली. मात्र कोड्याचे उत्तर छापले गेले ते १७०५ मध्ये, हूक यांच्या मृत्यूनंतर.

३ मार्च १७०३ रोजी लंडनच्या ग्रेशम कॉलेजमधील निवासस्थानी हूक यांचे निधन झाले. गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून ज्यांच्याशी त्यांचा कडवा वाद झाला, ते न्यूटन त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. हूक यांचे खात्रीलायक असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. त्यांनी जपलेल्या गुपितांपैकी जे स्वतः उघड केले, त्या ताणाच्या नियमाला त्यांचे नाव मिळाले आणि आज शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजने टांगणारे विद्यार्थीही तो त्यांच्याच नावाने शिकतात.