मोटारसायकलवीर मार्जोरी कॉटल

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात मार्जोरी कॉटल या नामवंत मोटारसायकलपटू होत्या. बाईमाणसाला ही गाडी झेपणार नाही, असं तेव्हा पुष्कळ लोक म्हणायचे. त्यांनी वाद घातला नाही. १९२४ साली रॅले गाडीवर बसून किनाऱ्याकिनाऱ्याने ब्रिटनची फेरी पुरी केली!

१९२७ साली इंग्लंडात सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे नुसता वेग कामाचा नव्हता. दगडधोंडे, चिखल, चढ पार करून ठरल्या वेळेला पोचायचं. गाडी बिघडली तर आपली आपणच दुरुस्त करायची. कॉटल, लुई मॅक्लीन आणि एडिथ फोली या तिघींच्या संघाने पुरुषांच्या संघांना मागे टाकून चांदीचा चषक जिंकला.

मुलींनो, सायकल शिकताना पडलात तर पुन्हा बसा. आणि पालकहो, तुम्ही नाही म्हणू नका!