पोलंडचा चित्रकार यान मातेयको

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे काहींनी घरी ऐकले असेल. त्यांच्या देशातल्या एका थोर चित्रकाराची ही ओळख.

यान मातेयको यांचा जन्म २४ जून १८३८ रोजी क्राकूव्ह शहरात झाला. अकरा भावंडांत ते नववे. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत सारा पोलंड वाटून घेतला होता. नकाशावर तो देशच उरला नव्हता! यान शाळेत अभ्यासात मागे, चित्रकलेत मात्र पुढे. १८५२ मध्ये ते कलाशाळेत दाखल झाले.

१८६२ साली त्यांनी 'स्तान्चिक' हे चित्र काढले. स्तान्चिक हा राजाचा विदूषक. पलीकडच्या दालनात नाचगाणे रंगले आहे आणि हा लाल पोशाखात खुर्चीवर एकटाच खिन्न बसला आहे. जवळच्या मेजावर पत्र पडले आहे. १५१४ मध्ये स्मोलेन्स्क शहर हातचे गेल्याची ती बातमी. दरबाराला तिचे काहीच नाही, ज्याचे काम हसवायचे तोच चिंतेत! या विदूषकाला मातेयकोंनी स्वतःचा चेहरा दिला.

१८६३ मध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे ते लढू शकले नाहीत, पण शस्त्रे पोहोचवायला त्यांनी मदत केली. १८६६ च्या 'रेयतान' चित्रात फाळणीला संमती मिळू नये म्हणून दारात आडवा पडलेला सभासद आहे. संमती देणारे सरदारही त्यात दिसतात, म्हणून बडी घराणी रागावली. गंमत अशी, की ते चित्र विकत घेतले ऑस्ट्रियाच्या बादशहाने!

१८७३ पासून ते क्राकूव्हच्या कलाशाळेचे प्रमुख होते. १८७८ मध्ये 'ग्रुनवाल्डची लढाई' पूर्ण झाले. रुंदी जवळजवळ दहा मीटर! १४१० साली पोलंड व लिथुआनियाने ट्यूटॉनिक सरदारांचा पराभव केला, तो हा प्रसंग. गर्दी इतकी की पाहणारा गोंधळतो. वर ढगांत मात्र संत स्तानिस्वाव्ह गुडघे टेकून प्रार्थना करीत आहेत. त्यांच्याकडे लढणाऱ्यांपैकी कोणाचे लक्ष नाही.

१ नोव्हेंबर १८९३ रोजी मातेयको वारले. पोलंड स्वतंत्र झाला १९१८ मध्ये. पुढे नाझींनी देश व्यापला, तेव्हा ग्रुनवाल्डचे चित्र त्यांना हवे होते. शोधून देणाऱ्यास त्यांनी मोठे बक्षीस लावले. लुब्लिनजवळ ते जमिनीखाली लपवले होते. ठिकाण कोणीही सांगितले नाही. आज ते वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.