असोद्याची लेक, जळगावची सून : बहिणाबाईंचं कष्टाचं आणि हसरं आयुष्य

जळगाव : खान्देशात जात्याला घरोटा म्हणतात. आज गावोगावी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे घरोटा बऱ्याच घरांत मागच्या पडवीत पालथा पडलेला दिसतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांमागे जुन्या जळगावातल्या चौधरींच्या वाड्यात पहाटेच्या अंधारात घरोटा फिरायचा आणि त्याबरोबर एका बाईचा आवाज यायचा. त्या बाईला लिहिता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. ती म्हणजे बहिणाबाई नथुजी चौधरी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण अजूनही अनेकांचा गोंधळ होतो. तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या. त्या वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या आणि सतराव्या शतकातल्या. आपल्या बहिणाबाई खान्देशच्या, शेतात राबणाऱ्या. त्यांनी अभंग लिहिले नाहीत, वावरात आणि चुलीपुढे गाणी म्हटली.

बहिणाबाईंचा जन्म 1880 सालचा, नागपंचमीच्या दिवशीचा. माहेर जळगावजवळचं असोदा. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घामा, गना आणि घना हे तीन भाऊ. अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. घर भरलेलं होतं. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न झालं. त्या काळी पोरीचं लग्न याच वयात व्हायचं, त्यात कोणाला काही वेगळं वाटायचं नाही.

असोदा ते जळगाव अंतर तसं काहीच नाही, आता दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांत माणूस पोहोचतो. पण सासुरवाशिणीला तेवढी वाटही लांब पडायची. मनात आलं म्हणून उठून माहेरी जाता येत नव्हतं. आखजीची वाट बघायची, भावाच्या मुराळी येण्याची वाट बघायची. आखजीला खान्देशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. बहिणाबाईंच्या गाण्यांत हे माहेर आणि ती असोद्याची वाट पुन्हा पुन्हा येते. एका गाण्यात तर दारी आलेला योगी आणि सासुरवाशीण यांचा संवाद आहे. सासरी नांदतेस आणि गुण माहेरचे का गातेस, असा त्या योग्याचा सवाल. त्यावर तिनं जे उत्तर दिलंय ते ऐकून आजही बायांचे डोळे भरून येतात. आई सासरी सगळं सोसते ती आपल्या लेकीला माहेर मिळावं म्हणून, असा त्याचा अर्थ.

त्यांना तीन लेकरं झाली. काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपान हे मुलगे. घर तसं खातंपितं होतं, पण दिवस फिरले. बहिणाबाई तिशीच्या असताना नथुजी वारले. सोपान तेव्हा अगदीच लहान. पुढे प्लेगच्या साथीत ओंकार सापडला. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. तिशीतली विधवा, पदरी तीन लेकरं, शेती आणि भोवती त्या काळचा समाज. विधवा बाईनं कोपऱ्यात बसावं, हसू नये, पुढं येऊ नये, असं मानणारा.

बहिणाबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. नवरा गेल्यावरचं त्यांचं एक गाणं आहे. कुंकू पुसलं, बांगड्या फुटल्या, पण कपाळावरचं गोंदण पुसलं गेलं नाही आणि मनगटातली ताकद तर जागेवरच आहे, असं त्यात त्या सांगतात. आयाबाया कीव करायला आल्या तर त्यांनाच त्या रडू नका म्हणतात. हे बोलायला सोपं, पण दुसऱ्या दिवशी बैलं घेऊन वावरात जावं लागतं, निंदणी करावी लागते, पाऊस लांबला तर पोरांना काय घालायचं हे बघावं लागतं. ते सगळं त्यांनी केलं.

आणि हे करताना त्यांचं तोंड कधी आंबट झालं नाही, हेच खरं नवल. दुःखाची गाणी आहेत त्यांची, पण रडगाणं नाही. खळ्यात उपणणीच्या वेळी वारा पडला की शेतकरी वैतागतो. बहिणाबाईंनी वाऱ्याला पाव्हण्याला हाक मारावी तशी हाक मारली, आधी माझ्या खळ्याकडे ये म्हणून आर्जव केलं. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, शेतीच्या एकेका कामावर त्यांचं गाणं आहे. पोळ्यावरही आहे. त्यात शेतकऱ्याला बैलाचं ऋण आठवून दिलंय. शेतात न राबता नुसत्या कल्पनेनं हे लिहिता येत नाही. खळ्यात उभं राहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

जळगावात नानाजींचा छापखाना आला तेव्हा त्यावरही त्यांनी गाणं रचलं. कोरा कागद छापून शहाणा होतो, मग माणसा तू असा कसा राहिलास, असं त्या मिश्कीलपणे विचारतात. ज्या बाईला छापलेलं अक्षर ओळखता येत नाही, ती छापखान्याकडे बघून माणसाच्या अडाणीपणावर हसते. दुसऱ्या एका गाण्यात माणसाला गाय आणि कुत्र्याशेजारी उभं करून चांगलं लाजवलंय.

त्या देवभोळ्या मात्र नव्हत्या. भाविक होत्या आणि विठ्ठलावर जीव होता. सरस्वतीला त्या आपली आई मानायच्या. आपल्याला येतं ते तिनंच दिलं, ही त्यांची श्रद्धा. पण देव शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. मातीत टाकलेला दाणा दिसेनासा होतो आणि चार दिवसांनी हिरवा कोंब वर येतो, ही त्यांच्या लेखी देवाची करणी. देवाला त्या चक्क गारुडी म्हणतात. पेरणीनंतर रोज सकाळी वावराच्या बांधावर जाऊन कोंब शोधणाऱ्या माणसाला यात नवीन काही सांगायला नको. हात बघणारा ज्योतिषी दारी आला तर त्याला मात्र त्यांनी परत पाठवलं. माझं नशीब मला कळून चुकलंय, तू माझ्या दारी येऊ नको, असं त्या गाण्यात त्याला ऐकवलंय. उपासतापास करणाऱ्या त्या काळच्या विधवेनं ज्योतिषाला असं सांगणं ही साधी गोष्ट नव्हती.

ही गाणी त्यांनी कोणासाठी रचली नाहीत. दळता दळता, निंदता निंदता ओठावर आली ती म्हटली, आणि बरीचशी वाऱ्यावर गेली. सोपान शाळेत जाऊ लागला. एकदा त्यानं पुस्तकातली सत्यवान-सावित्रीची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं त्यावर गाणं तयार. तेव्हापासून पोराच्या ध्यानात आलं की आई जे म्हणते ते साधं नाही. सोपान आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी गाणी कागदावर उतरवून घेतली. हे दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसले नसते तर आज बहिणाबाई हे नाव चौधरींच्या भाऊबंदांपलीकडे कोणाला माहीत नसतं. अशा किती आज्या गावोगाव होऊन गेल्या असतील, त्यांच्या ओव्या कोणी टिपल्या नाहीत. आज घरातल्या म्हातारीचा आवाज मोबाईलमध्ये घ्यायला पैसाही लागत नाही, तरी घेतं कोण?

सोपानदेव चौधरी पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. बहिणाबाईंच्या घरात सुना आल्या, नातवंडं आली, त्या आजी झाल्या. लेकाची कविता छापून यायची, आईची मात्र वहीतच. 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावात बहिणाबाई वारल्या. स्वतःच्या गाण्याचं एकही पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. म्हणे दाखवायलाही ते संकोचत होते, गावरान बोलीतली आईची गाणी, शहरातल्या मोठ्या लेखकाला काय वाटेल? अत्र्यांनी वाचलं आणि हे सोनं महाराष्ट्रापासून लपवणं हा गुन्हा ठरेल असं ठणकावलं. 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. त्यांना जाऊन वर्षही झालं होतं की नव्हतं, पण गाणी महाराष्ट्रभर गेली. 1961 च्या ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांची गाणी घेतली गेली आणि ती रेडिओवरून घराघरांत पोहोचली. शाळेच्या पुस्तकांत आली. ज्या लेवा बोलीत बोललं म्हणून आपल्याकडच्या पोरांना शहरात हसतात, त्याच बोलीतली ही गाणी पुण्या-मुंबईची मुलं पाठ करू लागली. शब्दाचा अर्थ विचारायला त्यांना उलट खान्देशी माणूस शोधावा लागतो.

2018 साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव देण्यात आलं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या पोरापोरींच्या पदवीच्या कागदावर आता ते नाव छापलेलं असतं. जुन्या जळगावातला चौधरी वाडाही जपला आहे. त्यांच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारं आणि घरातल्या वस्तू तिथं बघायला मिळतात.