संत जोसेफिन बखिता : गुलामगिरीतून देवाच्या घरी

सुमारे १८६९ साली सुदानच्या दारफुर प्रांतात जन्मलेल्या एका मुलीला बालपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेले. भीतीने ती स्वतःचे नावही विसरली. 'बखिता' म्हणजे भाग्यवती, हे नाव तिला त्यांनीच दिले. ती अनेकदा विकली गेली. पुढे इटलीत, व्हेनिस येथील कनोसा धर्मभगिनींच्या सहवासात आपणही देवाची लेक आहोत, हे तिला उमगले. मालकिणीबरोबर आफ्रिकेत परतण्यास तिने नकार दिला. १८८९ साली न्यायालयाने तिला स्वतंत्र ठरवले. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा बाप्तिस्मा झाला. धर्मभगिनी होऊन त्यांनी शिओ येथे स्वयंपाकाची व दारावरची सेवा आनंदाने केली. १९४७ साली त्या प्रभूघरी गेल्या. २००० साली संत घोषित झाल्या. प्रभूच्या नजरेतील आपले मोल ओळखण्याची कृपा त्यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना लाभो, अशी आम्ही प्रार्थना करतो.