भास्कराचार्य

थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलवीड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच पहिला भाग.

लहान संख्येला मोठ्या संख्येने भागले, तर हाती काय येते? ‘लीलावती’तील एका उदाहरणात कृपण मनुष्य द्रम्म नावाच्या नाण्याच्या अंशाचेही अंश करून याचकाला दान देतो. द्रम्माच्या कवड्या १२८०. याचकाला मिळते एकच! एकाला १२८० ने भागल्यावर येणारा तो भाग. तो अल्प खरा, पण शून्य नव्हे.

आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. धन वाटल्याने कमी होते. विद्या मात्र वाढते.