ज्यांच्या आडनावातच रंग होता: मिखाईल त्स्वेत आणि आमच्या लॅबमधलं रुसलेलं मशीन

तुम्ही गोळी घेता, पण तिच्यात औषध नक्की किती आहे हे कोण तपासतं? बऱ्याचदा एचपीएलसी नावाचं मशीन, म्हणजेच हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी. बीएस्सीनंतर मी एका लॅबमध्ये याच मशीनवर काम शिकलो. आज या तंत्राचा शोध लावणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. पण आधी माझी फजिती.

मशीन का रुसलं?

या मशीनमध्ये पंप द्रवाला बारीक पावडर भरलेल्या नळीतून ढकलतो. या नळीला कॉलम म्हणतात. पावडरीला जास्त चिकटणारा पदार्थ मागे रेंगाळतो, कमी चिकटणारा आधी बाहेर पडतो. प्रत्येकाचं एक टोकदार शिखर स्क्रीनवर उमटतं, त्याला आम्ही पीक म्हणतो.

एकदा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या पीकला लांबलचक शेपूट फुटलं. सॅम्पलच खराब आहे, असं मी ठरवूनच टाकलं. तीनदा नवं द्रावण केलं, कॉलम बदलला. शेपूट तसंच! शेवटी आमच्या सीनियर मॅडमनी विचारलं, मशीनमध्ये रात्रभर क्लोराइडचं द्रावण कोणी ठेवलं होतं? मीच ठेवलं होतं. क्लोराइड स्टीललाही कुरतडतं. नळ्यांमधून लोहाचे कण सुटतात आणि डॉक्सिसायक्लिन धातूला पटकन पकडतं. चांगल्या औषधाला मी नापास करायला निघालो होतो!

तेव्हा मॅडमनी मला त्स्वेत यांची गोष्ट सांगितली. नंतर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

घर कुठलं, हाच प्रश्न

मिखाईल त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतल्या आस्ती गावात झाला. वडील रशियन, आई इटालियन. जन्मानंतर लवकरच आई गेली. बालपण आणि शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झालं. १८९६ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते रशियात गेले. पण तिथे परदेशी पदवी चालत नव्हती! बिचाऱ्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. १९०१ मध्ये त्यांनी कझानहून मास्टर्सची पदवी घेतली आणि मग त्या काळी रशियाच्या ताब्यात असलेल्या वॉर्सात नोकरी धरली.

खडूची भुकटी आणि रंगांचे पट्टे

पानांच्या हिरव्या रंगात नेमके किती रंग आहेत, हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी काचेच्या अरुंद नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, भुकटी घट्ट भरली. वरून पानांचा अर्क ओतला आणि मग शुद्ध द्रव सोडला. नळीत पिवळे, निळसर हिरवे आणि पिवळसर हिरवे पट्टे वेगवेगळे झाले. मार्च १९०३ मध्ये त्यांनी वॉर्सात या कामावर व्याख्यान दिलं. १९०६ मध्ये जर्मन भाषेतल्या लेखांत या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगलेखन, हे नाव दिलं. गंमत बघा, रशियन भाषेत त्स्वेत म्हणजेच रंग!

मोठ्या माणसाची चूक

पण नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. रिखार्ड विल्श्टेटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रयोग पुन्हा करून पाहिला, तो फसला. कारण त्यांनी नळीत फारच तिखट पदार्थ भरला होता, त्याने हरितद्रव्यच बिघडलं. पद्धत बरोबर होती, नळीतला पदार्थ चुकीचा होता. तरी दोष पद्धतीच्या माथी बसला. विल्श्टेटर यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी १९१५ चं नोबेल मिळालं. त्स्वेत यांचं १९१० चं पुस्तक रशियनमध्ये होतं, ते बाहेर फारसं कोणी वाचलं नाही.

त्यातच पहिलं महायुद्ध आलं. १९१५ मध्ये वॉर्सा सोडावं लागलं. मग मॉस्को, निझ्नी नोव्हगोरोद, तार्तू, शेवटी व्होरोनेझ. १९१८ मध्ये नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, पण मिळालं नाही. २६ जून १९१९ रोजी ते गेले. वय फक्त ४७.

पुढची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. त्यांच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर होतं ते विल्श्टेटर यांच्याकडेच! ते त्यांचे शिष्य रिखार्ड कून यांच्यापर्यंत पोहोचलं. १९३१ मध्ये कून यांच्या हायडेलबर्गच्या लॅबमध्ये एडगर लेडरर यांनी अशाच नळीतून गाजरातली रंगद्रव्यं वेगळी केली आणि क्रोमॅटोग्राफी पुन्हा जिवंत झाली.

मग मशीन कसं धुतलं?

कॉलम काढला आणि त्या जागी साधा जोड लावला. डिटेक्टरही बाजूला केला. मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे आधी पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पुन्हा भरपूर पाणी सोडलं. हे पाणी अजिबात टाळायचं नाही, कारण पुढे येणारं नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोल एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. नंतर पातळ केलेलं नायट्रिक ॲसिड. ते सुटं लोह धुऊन काढतं आणि स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर राहतो, जो पुढचं गंजणं रोखतो. शेवटी, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच सारखा होईपर्यंत पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी पीक सरळ उभं!

त्या दिवसापासून आकडा विचित्र आला की मी सॅम्पलला दोष देण्याआधी नळीत काय आहे ते बघतो. त्स्वेत यांच्या बाबतीत ते बघायला जगाला जवळपास वीस वर्षं लागली.

आणि हो, घरी एक करून बघा. खडूच्या खालच्या टोकापासून जरा वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ ओढा आणि खडू बशीतल्या थोड्याशा पाण्यात उभा ठेवा. रेघ मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी चढेल तसे काळ्यातून वेगवेगळे रंग सुटतील. मोबाइलवर टाइम-लॅप्स लावायला विसरू नका!