संत ऑस्कर रोमेरो : जमिनीच्या भुकेने पेटलेल्या देशाचा मेंढपाळ



२४ मार्च हा संत ऑस्कर रोमेरो ह्यांचा स्मरणदिन. वेदीपाशी उभे असताना गोळी लागून ते मरण पावले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ती गोळी का झाडली गेली हे समजण्यासाठी मात्र त्यांच्या देशातल्या शेतजमिनीची कहाणी ऐकावी लागते.

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. क्षेत्रफळ जेमतेम २१,००० चौरस किलोमीटर आणि वस्ती दाट. १८८१-८२ मध्ये तिथल्या सरकारने कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी मोडीत काढल्या. डोंगरउतारावरच्या सुपीक जमिनी कॉफीच्या मळेवाल्यांकडे गेल्या आणि मका पिकवून खाणारे गावकरी त्याच मातीत मजूर झाले. कॉफीच्या तोडणीपुरते काम, उरलेले वर्ष पोटाला चिमटा. जानेवारी १९३२ मध्ये पश्चिमेकडच्या शेतमजुरांनी उठाव केला. बहुतेकांच्या हाती कोयतेच होते. लष्कराने केलेल्या कत्तलीत दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत माणसे मेली असा अंदाज आहे.

रोमेरो तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, सियुदाद बारियोस ह्या डोंगराळ गावी झाला. वडील तारमास्तर. मुलाने सुतारकामाचे धडे घेतले, पण ओढा देवाच्या सेवेकडे होता. ४ एप्रिल १९४२ रोजी रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मायदेशी परतल्यावर वीसहून अधिक वर्षे त्यांनी सान मिगेल शहरात सेवा केली. स्वभाव बुजरा, पुस्तकात रमणारा, शिस्तीला कडक. धर्मगुरूंनी जमिनीच्या आणि मजुरीच्या भांडणात पडावे हे त्यांना रुचत नसे.

दरम्यान जमिनीच्या शोधात सुमारे तीन लाख साल्वादोरी लोक शेजारच्या होंडुरासमध्ये जाऊन राहिले होते. होंडुरासने त्यांना हुसकावायला सुरुवात केली आणि जुलै १९६९ मध्ये दोन देशांत चार दिवसांचे युद्ध झाले. त्याच सुमारास विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांत दंगली झाल्या होत्या म्हणून जग त्याला फुटबॉल युद्ध म्हणते. ह्या नावाने खरे कारण झाकले गेले असे मला वाटते. हजारो निर्वासित परत आले, आणि त्यांना कसायला जमीन कुठे होती?

१९७४ मध्ये रोमेरो सांतियागो दे मारिया धर्मप्रांताचे महागुरुस्वामी झाले. हा कॉफीचा मुलूख. तोडणीसाठी आलेले मजूर थंडीत उघड्यावर झोपतात हे पाहून त्यांनी धर्मप्रांताच्या इमारती रात्री त्यांच्यासाठी खुल्या केल्या. जून १९७५ मध्ये त्रेस काय्येस गावी सैनिकांनी शेतकऱ्यांना ठार केले. रोमेरो मृतांच्या घरी गेले, राष्ट्राध्यक्षांना निषेधाचे पत्रही लिहिले. पण ते खाजगी. जाहीरपणे ते बोलले नाहीत. म्हणूनच फेब्रुवारी १९७७ मध्ये ते राजधानीचे आर्चबिशप झाले तेव्हा मळेवाल्यांना हायसे वाटले.

ते समाधान महिनाभरही टिकले नाही. १२ मार्च १९७७ रोजी त्यांचे मित्र, येशूसंघीय फादर रुतिलिओ ग्रांदे ह्यांना उसाच्या शेतांमधल्या रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. सोबतचा एक म्हातारा आणि एक मुलगाही गेला. अगिलारेस भागातल्या ऊसतोड मजुरांना एकत्र येण्याचे बळ देणे हाच फादरांचा गुन्हा. पुढच्या रविवारी रोमेरोंनी संपूर्ण धर्मप्रांतात फक्त एकच मिस्सा ठेवली, आणि कॅथेड्रलसमोर अफाट गर्दी लोटली. सरकारी समारंभांना जाणे त्यांनी बंद केले.

पुढची तीन वर्षे त्यांचे रविवारचे प्रवचन धर्मप्रांताच्या रेडिओवरून खेडोपाडी ऐकले जाई. शुभवर्तमानावरील चिंतनानंतर ते त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावे सांगत. रेडिओ केंद्रावर बॉम्ब टाकले गेले, तरी ते थांबले नाहीत. १९७८ च्या धर्मपत्रात त्यांनी हिंसेचे प्रकार वेगवेगळे करून दाखवले. बहुसंख्यांना जमीन आणि भाकर नाकारणारी व्यवस्था ही हिंसाच, आणि बाकीची हिंसा तिच्यातून वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना बंडखोरांचे पाठीराखे ठरवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये : १९७७ मध्ये बंडखोरांनी परराष्ट्रमंत्र्यांना पळवले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी रोमेरोंनी विनवणी केली होती, आणि त्यांची हत्या झाल्यावर अंत्यविधीही केला होता.

फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ह्यांना पत्र लिहून लष्करी मदत न पाठवण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. मार्चमध्ये सरकारने जमीनसुधारणा जाहीर केली. पण ती राबवायला गेलेल्या सैनिकांनीच खेड्यांत शेतकऱ्यांचे मुडदे पाडले. २३ मार्चला, उपवासकाळातल्या पाचव्या रविवारी, रोमेरोंनी थेट सैनिकांना हाक दिली : तुम्हीही शेतकऱ्यांचीच मुले आहात, ठार मारण्याचा हुकूम पाळू नका, असे बजावले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ते राहत असलेल्या कॅन्सर रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये, एका मित्राच्या आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा चालू होती. प्रवचन संपून अर्पणविधी सुरू होणार तोच दाराकडून एकच गोळी आली. झावळ्यांच्या रविवारी झालेल्या त्यांच्या अंत्ययात्रेतही बॉम्ब फुटले, गोळ्या चालल्या आणि अनेक भाविक मरण पावले.

मग बारा वर्षे यादवी पेटली. सरकारकडे अमेरिकेची शस्त्रे, बंडखोरांकडे क्युबा आणि निकाराग्वामार्गे आलेली. सुमारे ७५,००० माणसे गेली. १६ जानेवारी १९९२ रोजी शांतताकरार झाला. त्यात सैन्यकपातीबरोबर जमीनवाटपाचे कलमही घालावे लागले. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन आयोगाने रोमेरोंच्या हत्येचा आदेश माजी लष्करी अधिकारी रोबेर्तो दोबुइसोन ह्याने दिल्याचा निष्कर्ष काढला. शिक्षा भोगायला तो उरला नव्हता. आदल्याच वर्षी कॅन्सरने वारला होता.

२२ जानेवारी २०२२ रोजी फादर रुतिलिओ आणि त्यांच्या दोन्ही सोबत्यांना धन्यवादित घोषित केले गेले. रोमेरोंना १४ ऑक्टोबर २०१८ रोजी रोममध्ये संतपद बहाल झाले. त्या मिस्साच्या वेळी पोप फ्रान्सिस ह्यांनी कमरेला जो दोर बांधला होता तो रोमेरोंचा होता. शेवटच्या मिस्सात त्यावर पडलेले रक्ताचे डाग तसेच होते.